सव्वाचारची ओहोटी

सव्वाचारला ओट्यावरचा फोन थरथरला आणि पडद्यावर नेहमीची ओळ आली : ओहोटी, पाणी सर्वांत खाली. सुकैना त्या वेळी फ्रिजच्या उघड्या दाराआड उभी राहून पाव आणि ऑलिव्ह खात होती. तान्ही लेक रीम अंगावर पीत होती म्हणून तिला रोजे माफ होते. पण माफी अल्लाची आणि खिडक्या समोरच्या इमारतीच्या, त्यामुळे रमजान लागल्यापासून ती दुपारचं खाणं असं थंड वाफेत, चोरासारखं उरकायची. घास तोंडात तसाच ठेवून तिने सवयीने बाहेर पाहिलं. पाचव्या मजल्यावरच्या त्या स्वयंपाकघरातून, दोन इमारतींच्या फटीतून, समुद्राची एक पट्टी दिसायची, तळहाताएवढी. त्या पट्टीत एक खडक होता. रीमला पाजताना दहा महिने बघायला दुसरं काही नव्हतं, तेव्हा तिने त्याला उंट म्हणायला सुरुवात केली होती. भरतीला नुसती मदार दिसायची, पाणी उतरलं की मान, मग छाती, आणि अगदीच खाली गेलं की दुमडून बसलेले गुडघे, शेवाळाने हिरवे झालेले. आत्ता गुडघे दिसायला हवे होते. दिसत नव्हते. उंटाच्या छातीशी पांढरा फेस होता, आणि तो फेस मागे जाऊन पुन्हा येत होता तो थोडा वरच.

तिने घास गिळला. लाटा मोठ्या असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. सांगायची सवयच लावून घेतली होती तिने. रीम झाल्यापासून तिला सगळीकडे पाणी दिसायचं. बाळाला न्हाऊ घालायच्या टबात चार बोटं पाणी असायचं, तर तिला ते वीतभर वाटायचं. उशाशी ठेवलेल्या पेल्यातलं पाणी रात्रभर पेल्यातच राहील याची तिला खात्री नसायची. एकदा ती भर दुपारी पाच जिने उतरून खाली गेली होती, कारण तिला वाटलं तळमजल्यावर पाणी शिरलंय. खाली रखवालदार फरशी पुसत होता. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, भीती दिसली की तिला भीती म्हणायचं आणि जाऊ द्यायचं. अनवर, तिचा नवरा, त्याहून सोपं सांगायचा. "तू घाबरतेस ना, त्याच्या बरोबर उलटं धरून चाल. निम्म्या वेळा तरी बरोबर ठरशील." आणि खरंच, उलटं धरून चालायला लागल्यापासून ती बरी झाली होती. झोपायची. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, एवढं एकच पथ्य. म्हणून फोन म्हणतोय पाणी खाली, तर पाणी खाली. तिने फ्रिजचं दार लावलं, रीमला कडेवर घेतलं, आणि खिडकीकडे पाठ केली.

आज बा त्यांच्या गळ टाकायच्या खडकावर होते. म्हणूनच खरं तर पाठ करायला हवी होती.

बा म्हणजे तिचे वडील, औषधाच्या दुकानात चाळीस वर्षं काउंटरमागे उभे राहिलेले, डोंगरातले. त्यांच्या गावाला समुद्र म्हणजे ऐकीव गोष्ट होती. कॅसाब्लांकात इतकी वर्षं काढूनही ते त्याच्याकडे पाहुण्यासारखेच बघत, बूट न काढता. सुकैनाची आई गेली आणि दुकानही सुटलं, तेव्हा कुणीतरी त्यांच्या हातात गळ दिला. मासे क्वचितच मिळायचे. पण पिराच्या थडग्यापलीकडे एक सपाट खडक आहे, ओहोटीला वाळूवरून चालत जाता येतं, तिथे घडीची खुर्ची टाकून बसलं की घर आठवत नाही, असं ते म्हणत. आणि रमजानात तर शहरातले निम्मे पुरुष किनाऱ्यावर असतात. सिगारेट नाही, कॉफी नाही, मग मगरिबच्या, म्हणजे रोजा सुटायच्या अज़ानपर्यंतचा वेळ कुठेतरी मारायचाच. बांना पोहता येत नव्हतं. भरती कधी, ओहोटी कधी, हे त्यांच्या कधी डोक्यात शिरलंच नाही. "रोज वेळ बदलतो हा," ते तक्रार करायचे, "उधारीच्या गिऱ्हाइकासारखा." मागल्या वसंतात एकदा ते गुडघाभर पाण्यातून परतले, बूट हातात घेऊन, हसत. रीम तेव्हा तीन आठवड्यांची होती.

त्यानंतरच्या दुपारींमध्ये तिने ते केलं. मांडीवर झोपलेली मुलगी, तिच्या डोक्याला धक्का लागू नये म्हणून तिरपा ठेवलेला लॅपटॉप, आणि काळ्या पडद्यावर एकाच हाताने टाइप केलेल्या ओळी. बाळंतपणाच्या रजेत कुणी विणतं, कुणी मालिका बघतं. तिने एक कमांड लिहिली. तिचं नाव जज़र ठेवलं, म्हणजे ओहोटी. त्यात खिडक्या नव्हत्या, बटणं नव्हती, चित्रं नव्हती. जज़र लिहायचं, पुढे बंदराचं नाव, किती दिवस, कुणाचं कॅलेंडर, आणि एंटर. ती कमांड कुठूनशी भरती-ओहोटीचे अंदाज आणायची आणि बांच्या फोनमधल्या कॅलेंडरात नोंदी टाकून द्यायची. जा. पाणी सर्वांत खाली. परत. प्रत्येक नोंदीला घंटी. बा पहिल्यांदा तीन दिवस तो फोन घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे फिरले. "माझ्या मुलीने समुद्राला कामाला लावलंय," म्हणाले. मग त्यांनी तिला फोन दिला आणि सांगितलं, "बाकी जगाची कटकट बंद करून दे बघू यातली. रमजान मुबारक, ईद मुबारक, अमक्याचं लग्न. फक्त समुद्राची घंटी ठेव." तिने तसं करून दिलं होतं. स्वतःच्या हातांनी.

दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या लल्ला ख़दूज होत्या, हातात रिकामी वाटी. साठीच्या, जाड, आणि रोज्याने तोंड कोरडं पडलं तरी न थांबणाऱ्या.

"कोथिंबीर आहे का गं? आमच्या घरात कुणी आणली नाही. चार पुरुष आहेत, चौघेही झोपलेत. जसा काही रोजा यांच्या एकट्यांचाच, आणि मी आपली पाहुणी आलेय."

"आहे ना. या आत."

"आत नाही येत, आत आले की बसेन, बसले की उठणार नाही." त्या उंबऱ्यातच टेकल्या आणि रीमचा पाय हातात घेतला. "ही झोपली नाही अजून?"

"तिच्या वेळेला झोपून उठलीसुद्धा, मावशी. तिला कुठे माहीतेय घड्याळ मागे गेलंय ते."

"खरं आहे बाई तिचं. दर वर्षी सरकार रमजानात एक तास परत देतं आणि ईद झाली की काढून घेतं. आमच्या यांनी परवा विचारलं, मधल्या महिन्यात तो तास ठेवतात कुठे? म्हटलं, मंत्र्यांच्या फ्रिजमध्ये." त्या स्वतःच्या विनोदावर हसल्या, मग हसणं आवरून छातीशी हात नेला. "अल्ला माफ करो, रोज्यात जिभेला हाड नाही राहत. आणि तू खाल्लंस का काही? खात जा. लाजू नकोस. दूध आटलं तर लाज पाजणार आहेस का पोरीला?"

कोथिंबीर घेऊन त्या गेल्या. जिन्यात त्यांच्या सपाता बराच वेळ वाजत राहिल्या. सुकैना दार धरून उभी राहिली. तो तास ठेवतात कुठे? विनोद होता, पण तिच्या आत तो विनोदासारखा उतरला नाही. गेल्या रविवारपासून तिला वाटत होतं की घरात आणखी एक घर आहे, एक तास पुढे गेलेलं. इथे ती भाजी चिरायला घेते तेव्हा तिथे भांडी घासून झालेली असतात. इथे दिवा लावायचा असतो, तिथे विझलेला असतो. कधी कधी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जाताना तिला नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखा दिवाण उबदार लागायचा. रीम त्या घरातच राहत होती. तिला तिथल्या वेळेला भूक लागायची, तिथल्या वेळेला ती दचकून उठायची आणि रिकाम्या कोपऱ्याकडे बघून हात पुढे करायची. आई गेली तेव्हाही रमजानच होता. दवाखान्यातून फोन आला तेव्हा बांनी घड्याळात पाहिलं, आणि नंतर कितीतरी दिवस ते विचारत राहिले, नव्या वेळेने गेली की जुन्या? कुणाला सांगता आलं नाही. जणू आई एका तासाच्या रुंदीच्या खोलीत गेली होती, आणि दार कुठल्या बाजूला आहे हेच ठरत नव्हतं. सुकैना त्या वेळी बावीस वर्षांची, इंजिनीयरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिने तो प्रश्न मनावर घेतला नव्हता. म्हातारा माणूस दुःखात काहीही विचारतो, असं ती मानून बसली होती.

तिने रोजा सोडायचं सूप, हरीरा, ढवळला, मसूर शिजलेत का पाहिलं, रीमच्या तोंडाला टोमॅटोची साल लागली होती ती पुसली. पुन्हा ढवळला. उंटाकडे पाहिलं नाही. न पाहणं हे एक कामच होऊन बसलं, मानेला रग लागेल असं. मग मधात घोळवलेली शेबाकिया गरम करायला तिने ओव्हनचं दार उघडलं, आणि ओव्हनवरच्या हिरव्या आकड्यांत सहा वाजलेले दिसले. तिचा जीव उडाला. सहा! अज़ानला अर्धा तास, हरीरा पातळ, अनवर यायचा, खजूर काढलेले नाहीत. हातातला चमचा तिने खाली ठेवला तेव्हाच तिच्या ध्यानात आलं, छे, पाच वाजलेत. ओव्हनचं घड्याळ कुणी मागे घेतलंच नव्हतं. त्याचं बटण अडकायचं, आणि अनवर रोज उद्या करतो म्हणायचा. तिला हसू आलं. ते हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं.

ओव्हनला कुणी सांगितलं नव्हतं. रीमला कुणी सांगितलं नव्हतं. आणि जज़रला?

लॅपटॉप दिवाणावर होता. तिने तो उघडला. ती ओळ कुठे आहे हे तिला पाठ होतं, कारण ती तिने रागाने लिहिली होती. या देशाची वेळ कुठलंही यंत्र धड सांगत नाही. दर रमजानात निम्म्या शहराचे फोन चुकतात, लोक तासभर आधी ऑफिसात पोचतात नाहीतर तासभर उशिरा, वर्षातून दोनदा सगळे एकमेकांना विचारत फिरतात, जुनी की नवी? म्हणून ग्रिनिचच्या वेळेत येणाऱ्या अंदाजांपुढे तिने कुणावरही न विसंबता स्वतःच लिहून टाकलं होतं : अधिक एक. झालं. कायमचं. तेव्हा नुकती ईद झाली होती, ऊन होतं, रीम दुधाचा वास येणारी एवढीशी होती. तिच्यासारखंच जज़रनेही अजून एकही रमजान पाहिला नव्हता. घड्याळं मागे आली, चंद्र आपल्या जागी होता, आणि तिची कमांड निमूटपणे एक तास मिळवत राहिली. म्हणजे सव्वाचारची ओहोटी सव्वातीनलाच होऊन गेली होती. आठवडाभर धुकं होतं, बा गेले नव्हते, तिलाही काही दिसलं नव्हतं. आज धुकं उठलं आणि ते गेले. आज बांच्या फोनवर पावणेसहाला लिहिलं होतं, परत. ओव्हनच्या हिरव्या आकड्यांत पावणेसहा केव्हाच वाजून गेले होते.

तिने फोन लावला. वाजत राहिला. वाजत नव्हताच, तिच्या कानात वाजत होता, बांच्या पिशवीत तो मुका होता, तिनेच केलेला. तरी तिने पुन्हा लावला. मग अनवरला.

"बोल. ट्राममध्ये आहे, माणसावर माणूस आहे इथे."

"बा खडकावर आहेत. पाणी चढलंय. माझी वेळ चुकलीय, एका तासाने."

"पुन्हा पाणी?" त्याचा आवाज थकलेला होता, वाईट नव्हता. "सुकैना, ऐक. श्वास घे आधी."

"घेतला. चुकलीय रे, खरंच चुकलीय. मी ओळ बघितली."

"बरं, चुकली. पण म्हणून बा काय लहान आहेत? डोळे आहेत की त्यांना. पाणी आलं तर दिसणार नाही का? उठतील आणि येतील."

दिसणार नाही का. मघाशी तिला दिसलं होतं, उंटाच्या छातीशी, पांढरं, आणि तिने फ्रिजचं दार लावून पाठ केली होती. फोन बंद झाला की तिने बंद केला, कुणास ठाऊक.

तिने तो आकडा खोडला, शून्य लिहिलं, आणि कमांड पुन्हा चालवली. नोंदी कॅलेंडरात सरकल्या. तिच्या डोळ्यांसमोर त्या एक तासाने वर चढल्या, जणू पाणीच. परत, पावणेपाच. आता सगळं बरोबर होतं. आणि घंटी वाजणार नव्हती. होऊन गेलेल्या वेळेची घंटी कॅलेंडर वाजवत नाही. ते ती नोंद गपचूप मागे ठेवून देतं, जिथे सगळं होऊन गेलेलं ठेवतात. चूक होती तेव्हा निदान पावणेसहाला तरी वाजली असती. तिने घाईघाईने हाताने नवी नोंद केली : बा, परत या, आत्ता. वेळ टाकली पाच वाजून पाच मिनिटं. मग गॅस बंद केला, रीमला फुत्याच्या कापडाने पाठीशी बांधलं, आणि चपला हातात घेऊनच जिना उतरली.

त्या वेळचं शहर तिने कधी असं पाहिलं नव्हतं. सगळी माणसं घराकडे निघालेली, आणि ती एकटी समुद्राकडे. गाड्या भोंग्यावर हात ठेवून चाललेल्या, चौकात दोघे एकमेकांची गचांडी धरून, आणि बाजूला तिसरा ओरडतोय, "शरम करा, रोज्यात आहात." लाल टॅक्सीवाल्याने काच खाली करून तिच्याकडे पाहिलं, पाठीवरच्या मुलीकडे पाहिलं. "घरी चाललोय मी, बाई. डोकं फुटतंय. कुठे?" तिने सांगितलं. "या वेळी तिथे काय आहे? वारा." पण त्याने दार उघडलं, आणि वाटेत अधूनमधून आरशात बघत राहिला, जणू मागे बसलेली बाई ओली आहे.

भिंतीशी ती पोचली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. किनाऱ्यावर कुणी नव्हतं. थडग्यापाशी एक मेणबत्ती वाऱ्याने विझलेली. आणि पलीकडे, जिथे वाळूची वाट असते तिथे पाणी, तपकिरी, दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये एकमेकांत मिसळणारं. आणि त्याच्याही पलीकडे सपाट खडकावर घडीची खुर्ची, आणि खुर्चीत बा, समुद्राकडे तोंड करून, टोपी कानापर्यंत ओढलेली. बसले होते. काही झालंच नसल्यासारखे. घंटी पोचली नव्हती. तिला कळलं ते कळायला नको होतं : तिने लिहिलेलं पाच वाजून पाच, नोंद सावकाश बांच्या फोनवर पोचेपर्यंत, तेही होऊन गेलं होतं. तेही मागे ठेवलं गेलं होतं, दुसऱ्या एका गप्प नोंदीशेजारी.

ती ओरडली. बा! वारा समोरून होता. हाक तिच्याच तोंडात परत आली, खारट. पाठीवर रीम दचकली आणि रडायला लागली. सुकैना वाळूत उतरली, पाणी घोट्याला लागलं, पोटऱ्यांना लागलं, आणि एका लाटेने तिच्या पायाखालची वाळू ओढून नेली तेव्हा पाठीवरचं ओझं एका बाजूला कललं. ती थांबली. पुढे बाप होता आणि पाठीवर मुलगी, आणि तिला दोनच हात होते. मुलीला वाळूवर ठेवावं? वाऱ्यात, एकटी, रांगणारी? ती मागे सरली. मागे सरण्याचं ते एक पाऊल तिला आयुष्यभर पुरेल, हे तिला तेव्हाच माहीत होतं.

तिने फोन काढला. यापुढची वेळ लिहायला हवी होती. आत्ता नाही, आत्ता म्हटलं की ते होऊन जातं. काही मिनिटं पुढची, इतकी की बातमी तिकडे पोचेल आणि तरीही वेळ शिल्लक असेल. तिने विचार केला, आणि सात मिनिटं पुढची वेळ लिहिली. कमी लिहिली तर घंटी मुकी राहील. जास्त लिहिली तर पाणी. सात मिनिटं तिने समुद्राला दिली, स्वतः मोजून, बापाच्या खात्यातून. मग ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिने पाहिलं. या वेळी पाठ केली नाही. खुर्चीच्या पायांशी पाणी खडकावर चढत होतं, पसरत होतं, परत जाताना चकाकत होतं. बांनी पाय उचलून खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले. एवढंच. तिला दिसलं, त्यांनी पाय उचलले. म्हणजे त्यांना कळत होतं. मग ते उठत का नव्हते? रीम रडून रडून हुंदके देत होती, आणि तिच्या हुंदक्यांच्या मधल्या जागेत सुकैनाला वाटलं, त्या पुढच्या घरात हे सगळं आटोपलंय. तिथे खडक रिकामा आहे. तिथे खुर्ची तरंगत दूर गेलीय, तिथे ती स्वतः भिंतीपाशी याच जागी उभी होती आणि आता नाही, तिथे कुणीतरी घड्याळात बघून विचारतंय, जुनी की नवी. ती फक्त त्या घराच्या मागे चालत आलीय. पोचेल आता.

बांची पाठ हलली. त्यांनी पिशवीत हात घातला. फोन काढला, लांब धरला, मग खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि वाचलं. शांतपणे, काउंटरवर चिठ्ठी वाचायचे तसं. मग पाण्याकडे पाहिलं. आधी फोन, मग पाणी. आणि मग ते उठले, आणि त्यांनी खुर्चीची घडी घातली.

"टाका ती!" ती किंचाळली. "खुर्ची टाका!"

ते खुर्ची घेऊनच उतरले. मांड्यांपर्यंत, मग कमरेपर्यंत. मध्ये जिथे दोन्हीकडचं पाणी मिसळत होतं तिथे ते एकदम खांद्यांपर्यंत गेले, टोपी गेली, बादली गेली, आणि क्षणभर नुसती खुर्ची दिसली, एका हाताने वर धरलेली. मग खुर्चीखाली हात आला, हाताखाली पांढरे केस, आणि ते खोकत, अडखळत, एका गुडघ्यावर पडत उठत वाळूवर आले. तिने त्यांचा ओला कोट दोन्ही मुठींत धरला. ते रीमकडे बघत होते.

"हिला का आणलंस गं या वाऱ्यात?" ते दात वाजवत म्हणाले. "कान दुखेल पोरीचा."

अज़ान झाली तेव्हा बा अनवरच्या पायजम्यात, दोन कांबळी पांघरून दिवाणावर बसले होते. बोटं थरथरत होती म्हणून खजूर तिने त्यांच्या तोंडात घातला. त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं, पाणी प्यायलं, हरीऱ्याचा कटोरा दोन्ही हातांनी धरून नाकाशी नेला. अनवर समोर बसला होता, न खाता. ट्राममधून उतरून धावत आलेला, अजून घाम न वाळलेला; सुकैनाकडे बघायचं टाळत होता.

"बा," शेवटी तो म्हणाला, "एक विचारू? पाणी दिसलं नाही का तुम्हाला?"

"दिसलं की."

"मग?"

"मग काय मग? बूट भिजले तेव्हाच दिसलं." बांनी एक घोट घेतला. "फोन बघितला, तर वेळ आहे अजून. पुन्हा पाणी बघितलं. म्हटलं, आज पाणीच चुकतंय."

ते हसले. अनवर हसला नाही. सुकैनाने हातातला पाव ताटात ठेवला. तिने त्यांना सगळं सांगितलं. अधिक एक, ओव्हन, ईदनंतरच्या दुपारी, एकेक करून, मान खाली घालून. बा ऐकत होते. मध्येच रीमने त्यांच्या कांबळ्याची झालर ओढली, ती त्यांनी तिच्या हातातून सोडवली नाही.

"चुकतं," ते म्हणाले. "मी एकदा एका बाईला खोकल्याऐवजी मुरड्याचं दिलं होतं. बरी झाली. ते सोड. आता दुरुस्त केलंस ना? मग उद्याची वेळ कितीची?"

"उद्या जाऊ नका, बा."

"उद्या नाही, परवा. कितीची?"

"मला विचारू नका." तिचा आवाज चढला. "तिथे गेलात की पाणी बघा. फोन बघू नका. फोन एक म्हणाला आणि पाणी दुसरं म्हणालं, तर पाण्याचं ऐका. कबूल करा माझ्याकडे. पाण्याचं ऐकायचं."

बांनी कटोरा खाली ठेवला. खरोखर विचार करत होते. जमेल का ते बघत होते. मग त्यांनी ओल्या पिशवीतून फोन काढला, पायजम्याला पुसला, आणि तिच्यापुढे सरकवला.

"पाणी माझं कोण लागतं, बेटा?"